एलियाचा झेनो

शर्यतींत पुढें असलेल्या गड्यास मागून येणारा चपळ गडी गांठतो, हें शाळेच्या मैदानावर आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. तें अशक्य आहे असें कोणी म्हणूं लागल्यास आपण त्याची थट्टाच करूं. परंतु सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं तसें प्रतिपादन करणारा एक पुरुष होऊन गेला, आणि केवळ थट्टा करून त्याच्यापासून सुटका करून घेणें मोठमोठ्या पंडितांसही साधलें नाहीं. त्याचें चरित्र थोडक्यांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

झेनोचा जन्म इ. स. पूर्वी ४९० च्या सुमारास दक्षिण इटलींतील एलिया नगरींत झाला. इराणी सैन्यापुढें घरदार सोडून समुद्रमार्गें आलेल्या फोकियाच्या ग्रीकांनीं ती नगरी वसविली होती. तेथेंच पार्मेनायडीझ हा तत्त्ववेत्ता राहात असे. जें आहे तें एक व अचल आहे, बदल आणि गति हे केवळ आभास होत, असें त्याचें मत. लोकांनीं त्याचा उपहास केला. तेव्हां गुरूस हंसणाऱ्यांना त्यांच्याच गृहीतांनीं निरुत्तर करावें, म्हणून झेनोनें तरुणपणीं एक ग्रंथ लिहिला. त्याच्या संमतीवांचूनच कोणीतरी तो चोरून बाहेर फोडला, असें प्लेटोच्या एका संवादांत आहे. त्याच संवादांत गुरुशिष्य अथेन्सला येतात व कोवळ्या वयाचा सॉक्रेटिस त्यांच्याशीं वाद करितो. मात्र ही भेट खरोखर घडली कीं काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत.

त्याचें सर्वांत प्रसिद्ध कोडें अॅकिलीज या वीराचें. कासव शंभर वार पुढें आहे व अॅकिलीजचा वेग त्याच्या दसपट आहे असें समजूं. तो शंभर वार धांवतो तोंवर कासव दहा वार सरकतें; तो ते दहा वार तोडतो तोंवर तें आणखी एक वार जातें; मग एक दशांश वार. असें कितीही केलें तरी थोडें अंतर उरतेंच. सशाच्या गोष्टींतलें कासव जिंकतें तें ससा झोंपी गेल्यामुळें. येथें अॅकिलीज तर क्षणभरही थांबत नाहीं! दुसरें कोडें बाणाचें. सुटलेला बाण प्रत्येक क्षणीं आपल्या लांबीएवढीच जागा व्यापतो, म्हणजे त्या क्षणीं तो स्थिर असतो. काळ जर क्षणांचाच बनलेला असेल, तर बाण हलतो केव्हां?

डायोजिनीझनें यावर कांहीं न बोलतां उठून चालून दाखविलें, अशी आख्यायिका आहे. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें. माणसें चालतात हें झेनोलाही दिसत होतें. जें दिसतें तें बुद्धीस समजतें काय, हा त्याचा प्रश्न होता.

एकोणिसाव्या शतकांत कोशी व वायरस्ट्रास या गणितज्ञांनीं अनंत पदांच्या बेरजेस निश्चित अर्थ दिला. वरील उदाहरणांत ती बेरीज बरोबर १११ १/९ वार होते, आणि तेथेंच अॅकिलीज कासवास गांठतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें. तथापि ज्या पायऱ्यांस अंत नाहीं त्या सर्व चढून जाणें म्हणजे काय, हें या बेरजेनें उलगडतें असें सर्वच तत्त्वज्ञ मानीत नाहींत.

झेनोच्या अंताच्या कथा एकमेकींशीं जुळत नाहींत. एलियाच्या जुलमी सत्ताधीशाविरुद्ध केलेल्या कटांत तो सांपडला, एवढें बहुतेकांत समान आहे. साथीदारांचीं नांवें काढण्यासाठीं त्याचा छळ झाला, तेव्हां त्यानें त्या सत्ताधीशाच्याच मित्रांचीं नांवें सांगितलीं, असें एका कथेंत आहे. दुसरींत तो स्वतःची जीभ दांतांनीं तोडून जुलम्याच्या अंगावर थुंकतो. यांतील खरें किती हें ठरविणें कठीण. पण साथीदारांस त्यानें दगा दिला, असें मात्र कोणतीच कथा सांगत नाहीं.

त्याचा ग्रंथ नष्ट झाला. अॅरिस्टॉटलनें खंडनासाठीं दिलेला सारांश आणि सुमारें हजार वर्षांनंतर सिंप्लिशियसनें उतरून ठेवलेले थोडे उतारे, हेच मुख्य अवशेष. त्यांत एकंदर चाळीस युक्तिवाद होते, असें प्रोक्लसनें लिहिलें आहे. आपणांस त्यांतले थोडेच ठाऊक आहेत.