विश्लेषण : मेंदूच्या लहरी ऐकवणारी यंत्रे आणि योग प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

ताण, चिंता आणि निद्रानाशावर उपाय म्हणून मेंदूच्या लहरी आवाजात बदलून ऐकवणारे हेडबँड आता मोबाइलवरून मागवता येतात. १९९३ चा भूकंप आणि नंतरचे दुष्काळ सोसलेल्या धाराशिव जिल्ह्यात झोप उडणे ही नवी तक्रार नाही. पण उपाय खरा की नुसता दावा, हे ठरवायचे कसे? याचा एक रस्ता शंभर वर्षांपूर्वी स्वामी कुवलयानंदांनी दाखवला होता.

हे तंत्र काय आहे?

डोक्याला लावलेले सेन्सर मेंदूतील सूक्ष्म विद्युत लहरी टिपतात. डोळे मिटून शांत बसल्यावर सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा उमटणाऱ्या ‘अल्फा’ लहरी ठळक होतात. त्या वाढल्या की कानातला स्वर बदलतो. सरावाने ही शांत अवस्था हवी तेव्हा आणता येईल, अशी त्यामागची कल्पना. माणसाच्या मेंदूच्या लहरी प्रथम जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये नोंदवल्या. त्याच वर्षी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले.

कुवलयानंद कोण होते?

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातमधील डभोई येथे. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते व्यायाम शिकले. पुढे अमळनेरला अध्यापन केले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगगुरू.

गुरूवर श्रद्धा असली तरी शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौलीची क्ष-किरण व दाबमापकाने तपासणी केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. १९२४ मध्ये सुरू केलेल्या ‘योग मीमांसा’ नियतकालिकात ते असे निष्कर्ष छापत.

त्यांचे वेगळेपण कशात?

प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, असा समज होता. कुवलयानंदांनी श्वासातील वायू मोजले आणि हा समज टिकत नसल्याचे स्वतःच मांडले. प्राणायामाचा फायदा असलाच तर तो मज्जासंस्थेकडे शोधावा, असे त्यांचे मत बनले. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या त्रासात महात्मा गांधींनीही त्यांचा सल्ला घेतला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या यंत्रांना हीच कसोटी लावली तर?

१९६० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जो कामिया यांनी माणूस स्वतःच्या अल्फा लहरी ओळखायला शिकू शकतो, हे दाखवले. पण लहर बदलणे आणि आजार बरा होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. निद्रानाशावरील काही चाचण्यांत एका गटाला स्वतःच्या लहरींचा संकेत आणि दुसऱ्याला बनावट संकेत दिला गेला. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम वाटला. म्हणजे गुण आला तरी तो यंत्राचाच, असे म्हणता येत नाही.

मग काय करावे?

यंत्र घेण्यापूर्वी बनावट संकेताशी तुलना करणारी चाचणी झाली आहे का, हे विचारावे. त्याच्या भरवशावर सुरू असलेली औषधे बंद करू नयेत. अनेक आठवडे झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या ‘टेलि मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.