वाइल्डर पेनफिल्ड

वाइल्डर ग्रेव्हज पेनफिल्ड (जन्म : २६ जानेवारी १८९१, स्पोकेन, अमेरिका, मृत्यू : ५ एप्रिल १९७६, मॉन्ट्रियल, कॅनडा) हे अमेरिकेत जन्मलेले कॅनडाचे मेंदूशल्यविशारद होते. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर शस्त्रक्रियेने उपचार करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. ती करताना मानवी मेंदूच्या पृष्ठभागाचा कार्यनिहाय नकाशाही त्यांच्या हातून तयार झाला.

पार्श्वभूमी

अपस्मारास मराठीत फेफरे, विदर्भाच्या बोलीत मिरगी म्हणतात. चरकसंहितेत या व्याधीचे वर्णन आहे. ग्रीसमध्येही हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी तो देवीकोप नसून मेंदूचा आजार असल्याचे सांगितले होते. तरीही झटका आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवण्याची रीत आपल्याकडे अद्याप पुरती गेलेली नाही. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन ही औषधे उपयोगात आली व असंख्य रुग्णांना दिलासा मिळाला. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी थांबत नाहीत. पेनफिल्ड यांचे आयुष्य या उरलेल्यांसाठी खर्ची पडले.

शिक्षण

वडील डॉक्टर होते. वाइल्डर आठ वर्षांचे असताना आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधील हडसन येथे आली. १९१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. तेथे चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडून त्यांना मज्जासंस्थेच्या अभ्यासाची गोडी लागली. मार्च १९१६ मध्ये इंग्लिश खाडीतून जाताना त्यांच्या 'ससेक्स' या जहाजावर पाणतीर आदळला. जखमी पेनफिल्ड यांनी विल्यम ऑस्लर यांच्या घरी राहून प्रकृती सुधारली. १९१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथून ते वैद्यकीय पदवीधर झाले. १९२४ मध्ये माद्रिदला पीओ देल रिओ ऑर्तेगा यांच्याकडे चांदीच्या क्षारांनी मेंदूच्या पेशी रंगवण्याची कला ते शिकले. १९२८ मध्ये जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रीड फर्स्टर यांच्याकडे त्यांना पुढील कार्याचे सूत्र सापडले. पहिल्या महायुद्धात डोक्याला इजा झालेल्या सैनिकांच्या मेंदूतील व्रण फर्स्टर स्थानिक भूल देऊन काढत असत आणि त्यामुळे अनेकांचे झटके कमी होत.

बहिणीवरील शस्त्रक्रिया

१९२८ मध्येच पेनफिल्ड मॉन्ट्रियलला मॅक्गिल विद्यापीठात रुजू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची थोरली बहीण रूथ तपासणीसाठी आली. तिला तरुणपणापासून झटके येत होते आणि आता दृष्टीही अधू होऊ लागली होती. उजव्या ललाट खंडात मोठी गाठ होती. सख्ख्या बहिणीच्या मेंदूला सुरी लावू नये, हा संकेत ते जाणत होते. तरी शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केली. सहकारी विल्यम कोन यांनी जपून राहण्याचा सल्ला दिला असतानाही जवळजवळ पूर्ण उजवा ललाट खंड त्यांनी काढला. गाठीचा शेवटचा अंश मात्र निघू शकला नाही.

रूथ घरी परतली, मुलाबाळांत रमली. बोलणे, स्वभाव व बुद्धी वरवर पाहता पूर्वीसारखीच होती. पण काही महिन्यांनी पाहुण्यांसाठी स्वयंपाक करायला घेतल्यावर, आधी काय आणि नंतर काय, याची संगती तिला लावता येईना. पदार्थ तिला सगळे येत होते, क्रम हरवला होता. १९३१ मध्ये ती मरण पावली. ललाट खंड नियोजनाशी निगडित आहे, हे दाखवणाऱ्या आरंभीच्या नोंदींत १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या हकिकतीची गणना होते. भावाने बहिणीविषयी इतक्या तटस्थपणे लिहिल्याचे दुसरे उदाहरण वैद्यकात क्वचितच आढळेल. मेंदूविकारांसाठी स्वतंत्र संस्था उभारण्याच्या त्यांच्या ध्यासाला या मृत्यूने बळ दिले. रॉकफेलर फाउंडेशनच्या बारा लाख डॉलरहून अधिक देणगीतून १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६० पर्यंत ते तिचे संचालक होते.

मॉन्ट्रियल पद्धती

मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. त्यामुळे कवटीच्या त्वचेपुरती भूल देऊन रुग्णाला जागे ठेवता येते. पेनफिल्ड उघड्या मेंदूवर सौम्य विजेचा स्पर्श करीत आणि रुग्ण काय जाणवले ते सांगत असे. कोणाचा अंगठा हले, कोणाच्या जिभेला मुंग्या येत, कोणाचे बोलणे मध्येच थांबे. प्रत्येक ठिकाणी अंक लिहिलेला कागदाचा इवलासा तुकडा ठेवला जाई. झटक्याच्या आधी रुग्णाला नेहमी होणारी पूर्वसूचना एखाद्या जागी उमटली, की झटक्याच्या उगमाचा माग लागे. भाषा व हालचालींची क्षेत्रे वाचवून तेवढाच भाग काढला जाई. हर्बर्ट जॅस्पर आल्यावर मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाची जोड मिळाली. बोटे व ओठ अवाढव्य आणि धड चिमुकले असलेला प्रसिद्ध 'होमुंक्युलस' हे या नोंदींचेच चित्ररूप आहे (१९३७ व १९५०).

स्मृतीचा प्रश्न

शंख खंडाला विजेचा स्पर्श होताच काही रुग्णांना जुने प्रसंग, गाणी, आवाज अनुभवास येत. मेंदूत सारा भूतकाळ जसाच्या तसा साठवलेला असतो, असा अर्थ पेनफिल्ड यांनी लावला. तो पुढे टिकला नाही. १९६३ च्या त्यांच्याच अहवालानुसार ५२० पैकी केवळ ४० रुग्णांना असे अनुभव आले होते.

याहून गंभीर घटना दोन रुग्णांबाबत घडली. डाव्या शंख खंडाचा आतील भाग काढल्यावर त्यांची नवे काही लक्षात ठेवण्याची शक्तीच गेली. ब्रेंडा मिल्नर यांच्यासह पेनफिल्ड यांनी हे अपयश प्रसिद्ध केले आणि उजवी बाजू आधीच निकामी असावी, असा तर्क मांडला. त्यांपैकी अभियंता असलेल्या रुग्णाच्या शवविच्छेदनाने तो खरा ठरवला. तो अहवाल १९७४ मध्ये, पेनफिल्ड ८३ वर्षांचे असताना निघाला. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही बाजूंची स्मृती तपासण्याची आजची काळजी या घटनांतूनच आली.

भारताशी संबंध

जेकब चँडी हे मॉन्ट्रियलमध्ये पेनफिल्ड यांचे विद्यार्थी होते. १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातील पहिला मेंदूशल्य विभाग सुरू केला आणि ऑगस्ट १९५२ मध्ये बलदेव सिंग यांच्या साह्याने तेथे भारतातील पहिली अपस्मार शस्त्रक्रिया केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून असा कार्यक्रम चालू आहे. शंख खंडाच्या अपस्मारावरील शस्त्रक्रियेची औषधोपचाराशी यादृच्छिक निवडीने काटेकोर तुलना २००१ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झाली; वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त झालेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात ८ टक्के होते.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर पेनफिल्ड लेखनाकडे वळले. हिपोक्रेटिसवरील 'द टॉर्च' ही कादंबरी १९६० मध्ये आणि मन व मेंदू यांच्या संबंधावरील 'द मिस्टरी ऑफ द माइंड' हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५३ मध्ये त्यांना ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला होता. 'नो मॅन अलोन' हे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये प्रकाशित झाले.