पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली

विहिरीकाठच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी कुरुंद्याच्या मुलांना नवी नाहीत. परंतु नाव सुगरण असले तरी ते घरटे नर बांधतो. मादी अर्धवट घरटी पाहत फिरते, एक पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो. ही हकीकत तासन्‌तास बसून टिपून ठेवणारे गृहस्थ म्हणजे डॉ. सलीम अली. आणि हा अभ्यास त्यांनी केला तो बेकारीच्या दिवसांत!

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईस झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणाला सांगता येईना. मामांनी मुलाला दटावले नाही, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. त्या दिवसापासून त्या मुलाला आयुष्यभराचा छंद जडला.

शाळेत मात्र ते हुशार गणले गेले नाहीत. 1913 साली मॅट्रिक कसेबसे पास झाले. महाविद्यालय अर्धवट सोडून ब्रह्मदेशात कुटुंबाच्या धंद्यात गेले, तेथेही व्यापारापेक्षा पाखरांतच जीव रमला. पुढे मुंबईत प्राणिशास्त्र शिकले. तरीही सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात मोठी पदवी नसल्यामुळे त्यांना जागा मिळाली नाही. 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी लागली. रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून आले, तो काय, निधीअभावी ती जागाच बंद झालेली! मग अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला.

यानंतर त्यांनी एक धाडसी मार्ग काढला. संस्थानांनी प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण मेहनताना न घेता पक्ष्यांची पाहणी करू. अशी पहिली मोहीम 1931-32 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात झाली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. रानोमाळच्या मुक्कामात पत्नी तहमिनाबेगम सोबत असत. 1939 साली त्यांचे निधन झाले. त्या दुःखातही सलीम अलींनी काम सोडले नाही. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात पूर्ण झाला. 1976 साली पद्मविभूषण मिळाले, 1985 साली राज्यसभेवर नेमणूक झाली. 1987 साली ते पैगंबरवासी झाले. ज्याला पदवीअभावी नोकरी नाकारली गेली, त्याला अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्मानाने डॉक्टरेट दिली होती.

विद्यार्थी मित्रांनो, पदवी अवश्य मिळवा; पण एखादी परीक्षा बिघडली म्हणून शिकणे थांबवू नका. आणि पालकहो, मूल काही विचारीत आले आणि उत्तर आपल्याला ठाऊक नसेल, तर त्याला गप्प बसवू नका. जाणत्या माणसाच्या दारापर्यंत त्याला पोहोचवा. मामांनी एवढेच केले होते.