किर्लोस्करवाडीचे संस्थापक

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईस गेले. परंतु रंगांधतेमुळे ती वाट सोडावी लागली. यंत्रांच्या आरेखनात प्रावीण्य मिळवून त्यांनी काही वर्षे मुंबईतच अध्यापन केले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि नंतर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली.

कारखान्याचा जम बसतो न बसतो, तोच शहराच्या वाढीसाठी जागा रिकामी करण्याचा हुकूम नगरपालिकेने दिला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर माळ आणि कर्ज दिले. १९१० साली लक्ष्मणराव तेथे गेले, तेव्हा त्या माळावर निवडुंग आणि साप यांवाचून काही नव्हते. मोजके कामगार सहकुटुंब सोबत आले. सर्वांनी मिळून माळ साफ केला. कारखान्याबरोबरच कामगारांची घरेही उभी राहिली. या वसाहतीत अस्पृश्यतेस थारा नव्हता. तुरुंगातून सुटलेल्यांवरही विश्वास टाकून लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे रखवाली सोपविली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. सांगली जिल्ह्यातील त्या रेल्वेस्थानकास आज किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.