पावसातले मोटारवीर

रुडॉल्फ काराचिओला हे जर्मनीचे मोठे मोटार शर्यतवीर होऊन गेले. नाव अवघड आहे, पण दोन-तीनदा म्हटलं की येतं.

त्यांचा जन्म ३० जानेवारी १९०१ रोजी ऱ्हाइन नदीकाठी रेमागेन या गावी झाला. घरचं हॉटेल होतं, पण त्यांचं सगळं लक्ष मोटारीत! मोठेपणी ते ड्रेस्डेन शहरात मोटारी विकायचे काम करू लागले.

१९२६ साली बर्लिनला मोठी शर्यत होती. निशाण पडले, सगळ्या मोटारी सुटल्या आणि यांचीच बंद पडली. शेजारी बसलेल्या मेस्त्रीने खाली उतरून ढकलली तेव्हा कुठे ती चालू झाली. एका मिनिटाहून जास्त वेळ गेला. मग जोराचा पाऊस आला. रस्ता निसरडा झाला, मोटारी घसरू लागल्या. काराचिओला मात्र सांभाळून चालवत राहिले. शर्यत संपली तरी त्यांना ठाऊक नव्हतं की आपणच पहिले आलो! तेव्हापासून लोक त्यांना पावसाचा उस्ताद म्हणू लागले. ही गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते.

१९३१ साली त्यांनी इटलीतली हजार मैलांची शर्यत जिंकली. त्याआधी ती फक्त इटलीच्या लोकांनीच जिंकली होती.

पुढे फार वाईट झाले. १९३३ साली मोनाको येथे सराव करताना ब्रेक लागेना. मोटार भिंतीवर आदळली आणि उजव्या मांडीच्या हाडाचा चुरा झाला. कित्येक महिने पाय प्लास्टरमध्ये होता. तो बरा झाला, पण आखूड राहिला. त्यातच १९३४ साली त्यांची पत्नी शार्लोट बर्फाच्या कड्याखाली सापडून वारली. मला वाटतं, दुसरा कोणी असता तर त्याने मोटारीचं नाव काढलं नसतं. पण ते लंगडत परत आले. १९३५, १९३७ आणि १९३८ साली ते युरोपचे विजेते झाले.

तेव्हा जर्मनीत हिटलरचे राज्य होते. सरकार या शर्यतींचा फार गाजावाजा करी. २८ जानेवारी १९३८ च्या सकाळी काराचिओला यांनी फ्रँकफुर्टजवळच्या हमरस्त्यावर ताशी ४३२.७ किलोमीटर वेगाने मोटार पळवली. साध्या रस्त्यावर एवढा वेग २०१७ सालापर्यंत कोणालाच जमला नाही. पण त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर दुसरे जर्मन शर्यतवीर बर्न्ड रोझमायर यांची मोटार उलटली. ते जागीच गेले. म्हणून तो विक्रम वाचताना मला नुसता आनंद होत नाही.

महायुद्धाच्या काळात काराचिओला स्वित्झर्लंडमध्ये राहत होते. १९४६ साली अमेरिकेत सरावात त्यांच्या डोक्याला जबर मार लागला, ते बरेच दिवस बेशुद्ध होते. तरीसुद्धा पुन्हा शर्यतीत उतरले! १९५२ साली बर्न येथे मोटार झाडावर आदळली, तेव्हा डावा पाय मोडला. मग मात्र त्यांनी शर्यती सोडल्या.

२८ सप्टेंबर १९५९ रोजी कासेल येथे ते वारले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते.