राणी प्रभावतीगुप्ता

तुळशीबागेत तांब्यापितळेची भांडी पारखून घेणाऱ्या आपणां भगिनींना नवल वाटेल, परंतु महाराष्ट्रातील एका थोर राणीची ओळख पुण्यातील एका तांबट कुटुंबाकडे निघालेल्या ताम्रपटामुळे पटली. 

ही राणी म्हणजे प्रभावतीगुप्ता. मगधाचा सम्राट दुसरा चंद्रगुप्त हा तिचा पिता, नागकुळातील कुबेरनागा ही माता. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस ती विदर्भाच्या वाकाटक कुळात दुसऱ्या रुद्रसेनाची राणी होऊन आली. उत्तरेस गुप्तांचे वाढते साम्राज्य, पश्चिमेस माळवा-गुजरातेतील शक क्षत्रप, आणि त्यांच्या शेजारी हे वाकाटकांचे राज्य. क्षत्रपांवर चालून जाण्यापूर्वी चंद्रगुप्ताला विदर्भ आपल्या बाजूस हवा होता. म्हणून हा विवाह, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मुलीचे मन कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

थोड्याच वर्षांत रुद्रसेन वारला. युवराज दिवाकरसेन अजाण. प्रभावतीने नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, येथून कारभार हाती घेतला. पुण्याचा ताम्रपट तिच्या कारभाराच्या १३ व्या वर्षाचा असून त्यात चनालस्वामी नामक आचार्यांस दंगुण हे गाव दान दिले आहे.

या लेखात वंशावळ दिली आहे ती सासरची नव्हे, माहेरची. गोत्रही पित्याचेच, धारण. यावरून तिने विदर्भ बापाच्या ओटीत घातला, असे काहींनी म्हटले. मला ते पटत नाही. त्याच ताम्रपटाच्या मुद्रेवर वाकाटकांचे नाव आहे, आणि शासन युवराजाच्या मातेचे म्हटले आहे. लहान मुलाच्या गादीवर चहूंकडून डोळे असताना समर्थ बापाचे नाव पुढे करणे हे विधवा मातेचे शहाणपण होते. चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य जिंकून घेतले, परंतु विदर्भ वाकाटकांचाच राहिला!

दिवाकरसेन गादीवर बसल्याचा पुरावा नाही; बहुधा तो अकालीच गेला. पुढे दामोदरसेन व प्रवरसेन हे तिचे पुत्र. प्रवरसेनाच्या १९ व्या वर्षीही ती दानपत्र देत होती. ते अमरावती जिल्ह्यात ऋद्धपूरला मिळाले. ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य याच पुत्राचे मानतात.

नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात मातीची एक लहानशी मुद्रा सापडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे आणि सोबत शंख कोरलेला आहे.