नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८ – ९ फेब्रुवारी १८९७) हे सत्यशोधक कार्यकर्ते, पत्रकार व भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जातात. त्यांचा जन्म ठाणे येथे झाला. मुंबईतील कापडगिरणीत भांडारपाल म्हणून काम करताना त्यांनी गिरणी कामगारांची हलाखी जवळून पाहिली. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादन केले.

१८८१ च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालणे बंधनकारक केले होते. मात्र जखमी कामगाराला भरपाई मिळण्याची तरतूद त्यात नव्हती. १८८४ मध्ये लोखंडे यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबरच, कामावर गंभीर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय, या मागण्या होत्या.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मुंबईतील प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना लोखंडे यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला. अपघात भरपाईच्या मागणीला कायद्याचे स्वरूप १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, म्हणजे त्यांच्या निधनानंतर २६ वर्षांनी मिळाले.